मधल्या ओळीचा मान

गामेलिओन महिना, वद्य तृतीया

निवड झाली! वसंतातल्या दारूच्या देवाच्या, दिओनिससच्या उत्सवात नौसिअसची नाटकं होणार आहेत. त्यांत गाणारे-नाचणारे पंधरा जण लागतात आणि त्या पंधरांत मी आहे. मी, ल्युकोन, लोकरीची वस्त्रं मूत-पाण्याच्या हौदात तुडवून पांढरी करणारा, ज्याच्या हौदाच्या वासानं लोक गल्लीच्या तोंडाशीच नाक दाबतात. आता दाबा म्हणावं!

झालं असं. नौसिअस नाटक लिहितो आणि शिकवतोही तोच. डाग पडलेला अंगरखा घेऊन तो सकाळी हौदाशी आला. मी नेहमीसारखा तुडवत होतो आणि गात होतो. त्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले. रस्त्यावरचा गलबला अडवून गाणं नीट ऐकायचं असणार. पण नजर सगळा वेळ माझ्या पायांवर. मग म्हणाला, "दोन हलके, दोन जड. हा ठेका कधी चुकतोस का रे?"

म्हटलं, "चुकलो तर तोंडावर पडेन की हौदात."

"उद्यापासून तालमीला ये," एवढंच म्हणाला आणि गेला. गाण्याची स्तुती केली नाही. जाणकार माणसं तोंडावर स्तुती करत नाहीत.

लिसिल्लाला सांगितलं तर ती चुलीपाशीच उभी राहिली. "अहो, गाण्यासाठी? नक्की गाण्यासाठीच ना?" बायकोला नवऱ्याची किंमत सगळ्यात शेवटी कळते.

शेजारच्या मिक्कोस कुंभारानं टोपलीभर फुटकी खापरं आणून दिली. "घे, रोज काय ते यावर लिहीत जा. लिहिताना निदान गाणार तरी नाहीस," म्हणाला. गळ्याला विश्रांती हवी हे त्यालाही कळतं. बऱ्या मनाचा आहे.

बाबांना मात्र आनंद झाला नाही. त्याबद्दल उद्या लिहीन, हे खापर भरलं.

गामेलिओन, वद्य चतुर्थी

बाबा पंच्याऐंशीचे आहेत. डोळ्यांत सारा आला आहे, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बातमी ऐकून म्हणाले, "तोंडावर दुसऱ्याचं तोंड बांधायचं, आपण जे नाही ते आहोत म्हणून रडायचं आणि गावानं त्याला देवाचं कार्य म्हणायचं. कर तुला करायचं ते. मी येणार नाही."

साठ-पासष्ट वर्षांत ते एकदाही नाटकाला गेलेले नाहीत. अख्खं अथेन्स डोंगरउतारावरच्या बाकांवर जाऊन बसतं, तेव्हा आमचे बाबा एकटे अंगणात अंजिराखाली बसतात. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. आता वाटतं, या वर्षी ते आले नाहीत तर माझं सगळं गाणं फुकट. एक वेळ बाकी कोणी नाही आलं तरी चालेल.

गामेलिओन, वद्य एकादशी

आज ओळी ठरल्या. पाच-पाच जणांच्या तीन ओळी. डावीकडची ओळ लोकांच्या बाजूला. तिथं कालिप्पोस मासेवाला आणि त्याच्यासारखे चार. उजवीकडची ओळ कपडे-मुखवटे बदलायच्या मागच्या तंबूच्या बाजूला. मला कुठं ठेवलं असेल? मधल्या ओळीत, आणि त्या ओळीतही बरोबर मध्ये! पंधरांच्या काळजात! घरात चूल मध्ये असते, अंगणात वेदी मध्ये असते. नौसिअसला माणसाची पारख आहे.

कालिप्पोसला झोंबलं असावं. म्हणाला, "तुझी मजा आहे बाबा. आम्हाला काठावर उभं राहून वीस हजार डोळे अंगावर घ्यायचे. तुला काय, चारी बाजूंनी भिंत."

मी त्याचं सांत्वन केलं. म्हटलं, "काठावर पण कोणीतरी लागतंच रे." तो खोकला येईपर्यंत हसला.

नाटकाचा खर्च उचलणाऱ्या धन्यानं जेवणात वाम मासा ठेवला होता. बीटच्या पानांत गुंडाळलेला. मी दोनदा घेतला. कालिप्पोस म्हणाला मासा परवाचा आहे. असेल, मला तर अमृत लागला.

अँथेस्टेरिओन, शुद्ध पंचमी

नौसिअसनं बाजूला घेऊन सांगितलं, "ल्युकोन, तू जरा हळू गा."

"किती हळू?"

"ओठ हलव. बाकी आवाज राखून ठेव."

"उत्सवासाठी?"

त्यानं माझा खांदा थोपटला. मग म्हणाला, "हो. राखून ठेव."

माझा आवाज बाकीच्या चौदांना बुडवतो हे मला कळत होतंच. पाय मात्र पूर्ण जोरात टाक म्हणाला. जोडपावा वाजवणारा मेलोन थीब्जचा आहे, दिवसभर खातो आणि वाजवताना डोळे मिटून घेतो, तोसुद्धा म्हणाला, "तू मागं असलास की मला बरं वाटतं. जमीन आहे असं वाटतं." थीब्जच्या माणसांना बोलायला येत नाही, पण भावना पोचल्या.

अँथेस्टेरिओन, शुद्ध द्वादशी

रांजण उघडायचा सण. घरोघर नव्या दारूचा वास. बाबांनी दोन बुधले रिकामे केले आणि कधी नव्हे ते बोलायला लागले. मोठं खापर घेतलं आहे, सगळं लिहून ठेवतो.

त्यांच्या तरुणपणी गावात नाटक नव्हतं. पन्नास जण वेदीभोवती गोल धरायचे आणि देवाची गाणी म्हणायचे. जिंकणाऱ्यांना बोकड मिळायचा आणि सगळे मिळून तो खायचे. "गोलात मध्ये कोणी नसतं," बाबा म्हणाले. "मध्ये देव. पुढं-मागं, वर-खाली काही नाही. सगळे सारखे."

मग एका वर्षी गाणं चालू असताना वृंदाचा म्होरक्या गोलातून बाहेर पडला. दारूच्या गाळानं तोंड माखून बळीच्या टेबलावर चढला आणि ओरडला, "मीच दिओनिसस! बोला, मला या गावात का घेत नाही?"

"मग?"

"मग काय. सगळे गप. असं कधी झालंच नव्हतं. गाण्यात देव यायचा, पण 'मी' म्हणून समोर उभा राहून बोलायचा नाही. अंगावर काटा आला रे ल्युकोन. वेडा झालाय की खरंच देव आलाय, कळेना. तो पुन्हा ओरडला, कोणीतरी बाहेर या, मला उत्तर द्या!" बाबांनी हात लांबवला. बुधला चाचपला, तो रिकामा होता. "पन्नासांत आवाज माझा सगळ्यात मोठा. तो माझ्याकडंच बघत होता."

"आणि तुम्ही?"

"मी नकार दिला. खोटं बोलायला नकार दिला. माणसानं आपण आहोत तेच असावं. शेवटी तो बोकडाच्या कातड्यांचा सौदा करणारा पोरगा पुढं गेला. बेडकासारखा आवाज. त्याचं नाव अजून गावात घेतात."

बाबांचा ताठ स्वभाव मला ठाऊक आहे. तरुणपणीही तत्त्वाला इतके पक्के होते हे ऐकून अभिमान वाटला. बोलून झाल्यावर कितीतरी वेळ ते एकच पाय जमिनीवर घासत बसले होते. लिसिल्ला म्हणाली, मुंग्या आल्या असतील.

अँथेस्टेरिओन, वद्य षष्ठी

मुखवटे आले! ताग आणि सरसाचे, वर खऱ्या केसांच्या बटा. आम्ही पंधराही जण बुडालेल्या खलाशांच्या विधवा आहोत, सगळ्यांचा चेहरा एकच. मी घालून पाहिला आणि माझ्याही नकळत हात छातीवर गेले. मुखवट्यातून समोरच्याची मान तेवढी दिसते. आपलाच श्वास कानात वाऱ्यासारखा वाजतो. पण गंमत सांगू? आत मी नव्हतोच. कोणीतरी बाई होती, आणि तिचं जहाज खरंच आलं नव्हतं. मी रडलो. मुखवटा काढल्यावर कालिप्पोसचेही डोळे लाल होते. तो म्हणाला कांदा खाल्लाय.

बाबा याला खोटं म्हणतात. त्यांना एकदा आत शिरून बघायला सांगायला हवं.

घरी मिक्कोस म्हणाला, "मिशीवाल्या विधवा आणि त्यातली एक मुताच्या हौदातली. देव धन्य झाला." त्याला मडकी बघ म्हटलं.

एलाफेबोलिओन, शुद्ध द्वितीया

झोप नाही. मनात एक घोळतं आहे ते कोणाला सांगता येत नाही.

बाबा आलेच, तर त्यांना दिसणार काही नाही. फक्त ऐकू येणार. आणि मी तर आवाज राखून गाणार. मग त्यांच्या लेखी मी तिथं असून नसल्यासारखाच. म्हणजे नौसिअसचं ऐकलं तर बापाला मुलगा सापडणार नाही, आणि मोकळ्या गळ्यानं गायलो तर नौसिअसचा शब्द मोडतो.

दुसऱ्या नाटकात एक जागा आहे, जिथं सगळ्या विधवा समुद्राला विचारतात, "सांग, त्याला कुठं ठेवलंस?" ठरवलं. तिथं मी आवाज सोडणार. पूर्ण. जे होईल ते होईल.

पण आधी ते यायला तर हवेत.

एलाफेबोलिओन, शुद्ध सप्तमी

येतायत! बाबा येतायत!

झालं ते असं. जेवताना त्यांनी आपणहून विचारलं, "कुठं उभा असतोस तू?"

"मध्ये," मी ऐटीत सांगितलं.

"मध्ये म्हणजे? मिक्कोस म्हणाला तीन ओळी असतात."

"मधल्या ओळीत. बरोबर मध्ये."

"लोकांच्या बाजूला कोण?"

"कालिप्पोस वगैरे. काठावरचे."

बाबांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "मधल्या ओळीत," पुन्हा म्हणाले. "आणि गायला काय सांगितलंय?"

"आवाज राखून ठेवायला."

मला वाटलं आता मुखवट्यावरून सुरू होणार. पण त्यांनी हात पुढं करून माझं डोकं शोधलं, त्यावर ठेवला. लहानपणी ठेवायचे तसा. म्हणाले, "माझा जाडा अंगरखा काढून ठेव. बाकावर गार लागतं. येतो मी."

मधल्या जागेचा मान ऐकून त्यांचं मन वळलं. मी अंगरखा तीनदा तुडवला, बर्फासारखा पांढरा केलाय.

एलाफेबोलिओन, शुद्ध त्रयोदशी, दुपार

घाईत लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

पहाटे मिक्कोस बाबांना हात धरून घेऊन गेला. पहिलं नाटक नीट पार पडलं. लोक अंजिरं खात होते, पण फेकत नव्हते, ही चांगली खूण. दुसरं सुरू झालं. आम्ही ठेक्यात बाकांसमोरच्या नाचायच्या अंगणात आलो, दोन हलके, दोन जड, आणि मुखवट्यात पुन्हा ती बाई आली. आम्हाला उत्तरं देणाऱ्या नटानं येऊन सांगितलं की जहाज बुडालं. आम्ही वळलो. आता माझी जागा येणार. मी छाती भरून श्वास घेतला.

आणि मेलोनच्या जोडपाव्याची पत्ती फुटली.

आधी एक चिरका आवाज, मग काहीच नाही. फुगू नयेत म्हणून त्याचे गाल चामड्याच्या पट्ट्यानं बांधलेले, तो गाठ सोडायला धडपडतोय, बोटं अडकतायत. पाव्याशिवाय आमचं गाणं म्हणजे दोरी तुटलेली बादली. डावी ओळ अर्ध्या शब्दावर थांबली. उजवी ओळ एक पाऊल पुढं गेली आणि डाव्या ओळीवर आदळली. कालिप्पोस, जो बाजारात सगळ्यांना पुरून उरतो, तो मुका.

मग बाकांवरून तो आवाज आला. टाचांचा. लोकांना नाटक नको झालं की लाकडी बाकांवर टाचा आपटून हाकलून लावतात. आधी एकीकडून, मग चारी बाजूंनी, ताल नाही काही नाही, गारांचा मारा नुसता.

मी गायला हवं होतं! हीच ती जागा होती, सगळे गप होते, बाबा ऐकत होते. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. पाय तेवढे चालू राहिले. ते काय, चालूच असतात, चाळीस वर्षांची सवय. दोन हलके, दोन जड. दोन हलके, दोन जड. मला थांबायचं भानही नव्हतं. माझ्या पुढचा माझ्या ठेक्यावर आला, मागचा आला, मग दोन्ही बाजूंचे. माझ्याभोवती सगळं अंगण धडधडायला लागलं.

पुढं काय झालं ते मला नीट कळलेलं नाही. बाकांवरच्या टाचांचा आवाज थांबला नाही, पण बदलला. कुठंतरी वर उजवीकडून कोणीतरी आमच्याच ठेक्यात टाच मारायला लागलं. दोन हलके, दोन जड. मग दहा जण. मग सगळा डोंगर. दहा हजार माणसं आमच्याबरोबर! कालिप्पोसला आवाज सापडला, "सांग, त्याला कुठं ठेवलंस?", आणि आम्ही नुसत्या पायांवर ते अख्खं गाणं म्हटलं. शेवटच्या कडव्याला मेलोनचा पावा नव्या पत्तीसह परत आला तेव्हा लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

मी मात्र ओठच हलवत राहिलो. बाबांना मुलगा ऐकू आला नाही.

बाबा घरी येऊन अंजिराखाली बसले होते. अंगरखा चुरगळला होता आणि डाव्या पायातली चप्पल नव्हती. मी काही विचारलं नाही. काय तोंडानं विचारणार?

एलाफेबोलिओन, शुद्ध पौर्णिमा

निकाल लागला. तीन नाटककारांच्या स्पर्धेत आम्ही तिसरे. पण धनी म्हणाला, टाचा पडायला लागल्यावर नाटक वाचलेलं त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि जेवणात पुन्हा वाम ठेवला. ताजा होता, कालिप्पोसनं स्वतः आणला.

तो पिऊन माझ्या गळ्यात पडला. "ल्युकोन, आम्ही तुला मध्ये लपवला रे! जे गाण्यात कच्चे त्यांना मध्ये टाकतात, आणि तूच आम्हाला वाचवलंस!" दारू चढली की हा काहीही बरळतो. मी त्याला भिंतीशी नीट बसवलं आणि डोक्याखाली अंगरखा दिला.

नौसिअसनं मात्र माझी निराशा केली. म्हणाला, "पुढच्या वर्षी तू डाव्या ओळीत. कालिप्पोसशेजारी. आणि त्याच्या गळ्यातलं थोडं शिक." एवढं करून मला काठावर काढतोय! मी नम्रपणे सांगितलं, मला आहे तिथंच राहू दे. तो हसला आणि त्यानं माझे दोन्ही हात धरले. "राहा," म्हणाला. "तिथंच राहा."

रिवाजाप्रमाणे मुखवटे देवळात टांगायचे होते. माझा मी आधी घरी आणला. बाबांनी तो मांडीवर घेतला. बोटांनी कपाळ, नाक, उघडं तोंड चाचपलं. मग आतून हात घातला.

"ओला आहे," म्हणाले.

"रडलो मी आत. आणि बाबा, मी गायलो नाही. तुमच्यासाठी गायचं ठरवलं होतं आणि तोंडातून शब्द निघाला नाही. माफ करा."

"गायला कशाला हवं होतं?" बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं हौदात ऐकतोय मी तुझे पाय. दोन हलके, दोन जड. पहिल्या नाटकात तू अंगणात आलास तेव्हाच ओळखलं. पंधरांतला कुठला माझा ते मला पहिल्या पावलाला कळलं."

मी खाली त्यांच्या पायाशी बसलो.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. मुखवट्याच्या बटांशी चाळा करत होते. "त्या दिवशी गावात. तो म्होरक्या टेबलावरून माझ्याकडं बघत होता ना, तेव्हा मी नकार दिला नव्हता. उत्तर तयार होतं माझ्याकडं. अजून पाठ आहे. पाय उचलला नाही रे ल्युकोन. एकच पाऊल टाकायचं होतं. नाही उचलला."

आणि साठ वर्षं सगळं गाव, आणि कळायला लागल्यापासून मीही, त्यांच्या नाटकाला न जाण्याला तत्त्व समजत होतो. मी त्यांचा हात धरला आणि तसाच बसलो. त्यांच्यावर राग येईना.

एलाफेबोलिओन, वद्य प्रतिपदा

मिक्कोस सकाळी एक चप्पल घेऊन आला. बाकांखाली सापडली म्हणाला, बाबांची.

"तुला सांगायचंच राहिलं," तो म्हणाला. "त्या दिवशी टाचा पडत होत्या ना, तेव्हा तुझा म्हातारा उभा राहिला. मी म्हटलं, आजोबा, बसा, पडाल. ऐकतोय कोण? 'गप्प बस, माझा पोरगा चालतोय,' म्हणाला, आणि लागला की बाकावर पाय आपटायला. असा आपटला की चप्पल उडून खालच्या माणसाच्या डोक्यात! तो शिव्या द्यायला वळला, आणि शिव्या देता देता त्याच ठेक्यात टाच मारायला लागला. तिथून पुढं सगळा डोंगर."

मी चप्पल घेऊन आत गेलो, तर बाबा खाटेवर नव्हते. हौदाशी होते. भिंतीला धरत धरत एकटेच आले होते. दुसरी चप्पल काढून कडेला नीट ठेवली होती, अंगरखा गुडघ्यांच्या वर खोचला होता.

"बाबा, अहो हौद आहे तो, वास मारतो!"

"नाक आहे मला अजून," म्हणाले. "आत उतर. हात दे."

मी आत उतरून हात दिला. त्यांनी एक पाय उचलला, हवेत थोडा वेळ तसाच धरला आणि पाण्यात टाकला. मग दुसरा.

"सांभाळून, निसरडं आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तू ठेका धर."